दोन्ही एकच की? आंतरक्रियावाद आणि लेबलिंग, पोवई नाक्यावरच्या बुलेटसकट

इथं साताऱ्यात समाजशास्त्राच्या एमएची परीक्षा जवळ आली की कोणतरी पोरगं हमखास विचारतं, सर ते प्रतीकात्मक आंतरक्रियावाद आणि लेबलिंग दोन्ही एकच की, मग दोनदा कशाला पाठ करायचं. त्याची काय चूक नाही, गाईडमध्ये दोन्हीकडं अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकरच दिसतो. खरं तर आंतरक्रियावाद हे आख्खं घराणं आहे आणि लेबलिंग, म्हणजे माणसावर शिक्का मारला की काय होतं ते सांगणारा सिद्धांत, हे त्यातलं एक पोरगं, नाकडोळे सेम पण धंदा वेगळा.

घराण्याचा मूळपुरुष म्हणजे शिकागोला शिकवणारा जॉर्ज हर्बर्ट मीड, आणि आडनाव लावलं हर्बर्ट ब्लूमरनं, १९३७ ला. म्हणणं एवढंच की कुठल्या वस्तूला किंवा वागण्याला अर्थ आपोआप चिकटलेला नसतो, माणसं एकमेकांशी वागताबोलता तो ठरवतात आणि बदलतात पण.

आता बुलेट. माझा भाचा डिप्लोमाला होता तेव्हा त्याच्या ग्रुपमध्ये सायलेन्सरचे फटाके वाजवायचं खूळ आलं. सुरुवातीला ह्याला ते जमायचंच नाही, टायमिंग चुकायचं, गाडी गचके खाऊन पोवई नाक्यावर भर गर्दीत बंद पडायची आणि मागची पोरं हसायची. एकदाचं जमलं तर हाच दचकला, कान बधिर झाले. मग त्यांच्यातलं एक थोरलं पोरगं म्हणालं, "आवाजाकडं ध्यान देऊ नको भावा, बाकड्यावरच्या लोकांच्या माना बघ." त्यानं माना बघितल्या, आणि त्या दिवसापासून त्याला त्यात मजा यायला लागली. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय, माना कशा वळतात ते हातानं करून दाखवत.

बेकरनं १९५३ च्या लेखात हेच मांडलं, फक्त तिथं गांजा होता. ५० ओढणाऱ्यांशी बोलून तो म्हणाला की आधी ओढायचं कसं ते शिकावं लागतं, मग काहीतरी होतंय हे ओळखायला, आणि शेवटी जे होतंय ते छान आहे असं मानायला, आणि हे सगळं शिकवतो कोण तर ग्रुप. म्हणजे मजासुद्धा शिकायची गोष्ट आहे! गडी स्वतः शिकागोत रात्री पियानो वाजवायचा. तिथले वादक समोरच्या श्रोत्यांना 'स्क्वेअर' म्हणायचे, म्हणजे साधारण आपलं 'येडं, ह्याला काय कळतंय'. त्यांची भाषा, त्यांचा तोरा, कुणाला आत घ्यायचं कुणाला नाही, हे सगळं आतून बघणं म्हणजे युवा उपसंस्कृतीकडं, म्हणजे पोरांच्या ग्रुपच्या स्वतःच्या वेगळ्या रीतीभातीकडं, बघायची आंतरक्रियावादी नजर. लक्षात घ्या, बुलेटच्या गोष्टीत अजून पोलीस आलेलाच नाही.

तो आला की लेबलिंग सुरू होतं.

१९६३ च्या पुस्तकात बेकर म्हणतो की विचलन, म्हणजे नियम मोडून वागणं, हा त्या कृत्याचा गुण नव्हेच, नियम कुणीतरी करतं, कुणावर तरी लावतं, आणि ज्याच्यावर शिक्का बसतो तो विचलित ठरतो. त्याच्या आधी १९५१ ला एडविन लेमर्टनं दोन पायऱ्या केल्या होत्या. पहिली प्राथमिक, म्हणजे केलं आणि विसरलं, आणि दुसरी द्वितीयक, जिथं माणूस लोकांनी दिलेलं नाव अंगावर घेऊन त्याच्या हिशोबानं वागायला लागतो. भाच्याला ट्रॅफिकवाल्यानं पकडलं, दंड झाला, सायलेन्सर गेला, हे एक झालं. पण पंधरा दिवसांनी कॉलनीतल्या गाड्यांचं पेट्रोल चोरीला गेलं आणि जिन्यात सगळे म्हणाले, तीच टारगट पोरं, दुसरं कोण. त्या रात्री हा घरीच होता, माझ्यासमोर जेवत होता. ताई रडत होती आणि हा म्हणतो, "मामा, नाही केलं तरी आम्हीच, मग केलेलं काय वाईट?" लेमर्टची दुसरी पायरी यापेक्षा सोप्या भाषेत मला अजून कुणी सांगितलेली नाही.

आणि शिक्का सगळ्यांवर सारखा पडत नाही, हा लेबलिंगचा सगळ्यात दमदार मुद्दा. विल्यम चॅम्ब्लिसनं १९७३ ला एका हायस्कूलमधल्या दोन टोळ्यांवर लिहिलं, एकीत बऱ्या घरातली आठ, दुसरीत गरिबाघरची सहा. उचापती दोघांच्याही, पण पहिल्या आठांपैकी एकालाही कधी अटक नाही आणि दुसरी सहा कायम पोलिसांच्या नजरेत. आपल्याकडं पण यवतेश्वरच्या घाटात बापाची मोठी गाडी घेऊन धिंगाणा घातला तर ती 'मस्ती', आणि जुन्या स्प्लेंडरवर ट्रिपल सीट गेलं की 'गुंडगिरी'. आपल्या देशात तर हा शिक्का जन्मावरच मारला जायचा, १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पोराला काही करायची गरजच नव्हती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, पण चोरी झाली की पारध्यांच्या पालाकडं वळणारी नजर काय गेली नाही.

मग गोंधळ कुठं होतो? स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाला आणलं की होतो. १९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन गावी मॉड्स (स्कूटरवाली) आणि रॉकर्स (मोटरसायकलवाली) पोरांचा राडा झाला, तसा किरकोळच, पण पेपरांनी गाव उद्ध्वस्त झाल्यासारखं छापलं. पेपर, पोलीस, कोर्ट हे लेबलिंगचं खातं. पण कोहेननं १९७२ ला आणखी दाखवलं की त्या बातम्यांनंतर दोन गटांतली रेघ जास्त ठळक झाली, पोरं बातमीतल्या वर्णनाबरहुकूम एकमेकांना ओळखायला लागली. इथं शिक्का परत ग्रुपच्या आत जाऊन अर्थ बनतो, म्हणजे फिरून घराण्यातच आलो. बेकरला स्वतःला 'लेबलिंग थिअरी' हे नाव फारसं आवडायचं नाही, विचलनाचा आंतरक्रियावादी सिद्धांत म्हणा असं तो नंतर म्हणाला. परीक्षेच्या पेपरात हे एक वाक्य टाका.

लेबलिंगवर माझा राग एकच, पहिला फटाका का वाजला हे ते सांगत नाही. शिक्का नंतरचा, माना आधीच्या.

आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानं लेबलिंगचं म्हणणं बऱ्यापैकी ऐकलंय. अठराच्या आतल्या पोराची ओळख छापायची नाही, आणि शब्द पण धुऊन घेतलाय, 'विधिसंघर्षग्रस्त बालक'. परवा चहाच्या टपरीवर एक काका पेपर मोठ्यानं वाचत होते, या शब्दावर दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा जमलं, आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे त्या पाण्याच्या टाकीजवळचं ना रं?"