थकलेल्या माणसाला थकवा कळत नाही

रब्बीत हरभऱ्याला ओलित द्यायचं तर कृषिपंपाची वीज कित्येकदा रात्रीच मिळते. ज्या रात्री ओलित नसतं त्या रात्री जागल असते, कारण रानडुकरं आणि रोही (नीलगायी) एका रात्रीत वावराची माती करतात. टॉर्च फिरवत, डबा बडवत पहाट करणारा हा शेतकरी कधी कधी गावचा सरपंचही असतो. विदर्भातल्या खेड्यात पुढारपण असंच निभवावं लागतं, वावर आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात. बचत गटाची अध्यक्ष असलेली बाई रजिस्टर उघडून बसते तेव्हा पाणी, स्वयंपाक आणि निंदण आटोपून तिचा दिवस जवळजवळ सरलेला असतो.

सकाळी ग्रामपंचायतीत कुणी विचारतं, "भाऊ, आमच्या गल्लीत नळ कधी येईन?" प्रश्न साधाच असतो, पण रात्रभर जागलेल्या सरपंचाला तो आरोप वाटतो. त्याचा आवाज चढतो आणि विचारणारी बाई पुढच्या सभेला येत नाही. गाव म्हणतं, माणूसच तापट.

स्वभावाला दोष देण्याआधी त्याची झोप विचारायला हवी. २००७ साली अमेरिकेत काही तरुणांना एक रात्र जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली गेली. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, तो धोक्याची दखल घेतो. जागलेल्यांचा अमिग्डला झोप झालेल्यांच्या मानाने सुमारे ६० टक्के जास्त उसळला. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स एरवी त्याला आवरतो, पण या दोघांमधला दुवाच सैल पडलेला दिसला. म्हणजे राग येतोच, आणि त्याला थांबवणारं यंत्र त्याच वेळी ढिलं पडलेलं असतं.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो २००३ सालचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रयोग. ४८ निरोगी माणसांपैकी काहींना रोज ८ तास, काहींना ६ आणि काहींना ४ तास झोपू दिलं, असं सलग १४ दिवस. चौथ्या गटाला सलग तीन रात्री झोपूच दिलं नाही. कमी झोपणाऱ्यांची लक्ष देण्याची, आठवण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली. दोन आठवड्यांनी ती एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खाली आली होती. आणि त्यांना स्वतःला काय वाटत होतं? सुरुवातीला झोप येतेय म्हणाले, मग त्यांचं उत्तर फारसं बदललंच नाही. काम बिघडत होतं आणि माणूस म्हणत होता, मी बरा आहे, सवय झाली.

'स्वतःला ओळखा' हा उपदेश इथे अडखळतो. ज्या मेंदूने थकवा मोजायचा तोच थकलेला आहे. शरीर खुणा देतं, नाही असं नाही: दातांवर दात दाबले जातात, श्वास वरच्या वर राहतो, छाती धडधडते. या खुणा टिपायची सवय लावता येते, आणि 'मला आत्ता राग आलाय' असं मनाशी शब्दांत म्हणताही येतं; २००७ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव दिल्यावर बघणाऱ्याच्या अमिग्डलाची उसळी काहीशी ओसरलेली दिसली. तरीही माझा भर घरच्या माणसावर राहील. "काहून इतके खेकसून राह्यले सकाळपासून?" असं बायकोने विचारलं, तर ते मोजमाप सरपंचाच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचं असतं.

झोपेसारखीच पैशाची चणचणही डोक्यावर बसते. तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची पीक हाती येण्याआधी आणि आल्यानंतर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली गेली. २०१३ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. माणूस तोच, पण हात तंग असताना त्याचे गुण कमी पडले. उधारी, हप्ता, मुलांची फी यांनी डोकं व्यापलं की बाकीच्या विचाराला जागाच कमी उरते. आता आपलं कॅलेंडर बघा. १५ ऑगस्टची ग्रामसभा येते तेव्हा बियाणं, खत, फवारणीत पैसा ओतून झालेला असतो, सोयाबीन शेंगेवर आणि कापसाची पऱ्हाटी पात्यांवर असते, आणि घरात रुपया नसतो. २६ जानेवारीला बहुतेकांचा थोडाफार कापूस विकलेला असतो. गावाला वर्षानुवर्षं बांधून ठेवणारे ठराव, म्हणजे गावठाणाची जागा, पाण्याची योजना, तलावाचा लिलाव, शक्य तिथे जानेवारीकडे न्यावेत असं मला वाटतं. ऊसवाल्यांवरचा निष्कर्ष कापूसवाल्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण तारीख बदलायला खर्चही नाही.

एका डोक्यावरचा भार कसा वाटायचा, याचं उत्तर विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरतं. आधी अभ्यास गटात विषय चघळला जातो, मग ग्रामसभेपुढे येतो; एकमत नसेल तर निर्णय थांबतो. याकडे लोकशाहीचा आदर्श म्हणून पाहिलं जातं आणि ते खरंच आहे. मला त्यात मेंदूची सोयही दिसते: कुणा एकाच्या जागरणाच्या सकाळी गावाचं भवितव्य ठरत नाही.

थकवा दुखण्यापर्यंत गेला तर? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी, पारावर मनाच्या आजाराबद्दल बोलत, प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेत, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ भेटत. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या कार्यक्रमाला देता येत नाही. पण बोलणारं माणूस ओळखीचं असलं की लोक बोलतात, एवढं तर त्यातून दिसतं.

असं मन मोकळं करणाऱ्यांत सरपंच, गटाची अध्यक्ष, आशाताई, पोलीस पाटीलही असायला हवेत, नुसते ऐकणारे म्हणून नव्हे. नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात निधी, दाखले आणि योजना शिकवल्या जातात. त्यातच एक तास झोपेला आणि ताणाला द्यावा, आणि तो तास शक्यतो जोडीने करावा: सरपंच आणि उपसरपंच शेजारी बसून, म्हणजे एकाचा आवाज चढला की दुसऱ्याने सभा अर्धा तास पुढे ढकलायची, हे आधीच ठरलेलं राहील.