+१ तलवारीची किंमत : जादुई वस्तूंच्या हिशेबामागचा इतिहास

फँटसी रोलप्लेइंग खेळातले पात्र बलवान करायचे म्हटले की चर्चा आज हटकून एका हिशेबाशी येऊन थांबते : हाताशी असलेल्या सोन्याच्या नाण्यांत कोणत्या जादुई वस्तू घेतल्या तर प्रत्येक नाण्याचे चीज होईल? हा प्रश्न खेळाइतकाच जुना असावा असे वाटते, पण तसे नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात आला, तेव्हा जादूची तलवार ही सापडण्याची वस्तू होती, विकत घेण्याची नव्हे. राक्षस मारला, खजिना उघडला, फासे टाकून तक्त्यात पाहिले आणि जे निघाले ते पदरात घेतले. निवडच नव्हती, मग निवडीतल्या शहाणपणाचा प्रश्न कुठून येणार?

विक्रीच्या भावाचे आकडे आले ते १९७९ साली, ‘अॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या डन्जन मास्टरसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात. तिथे वस्तूंपुढे दोन रकाने होते : वस्तू जवळ ठेवली तर मिळणारे अनुभवगुण (जे साठले की पात्राची लेव्हल वाढते) आणि विकली तर मिळणारे सोने. साध्या +१ तलवारीपुढे, म्हणजे फाशावर आलेल्या आकड्यात एक मिळवणाऱ्या तलवारीपुढे, ४०० अनुभवगुण आणि २,००० नाणी असे आकडे होते. त्या आवृत्तीत मिळवलेल्या प्रत्येक नाण्यामागे एक अनुभवगुण मिळत असल्यामुळे, तलवार विकणारा योद्धा ती कमरेला लावणाऱ्यापेक्षा लेव्हलच्या शिडीवर लवकर वर चढत असे. म्हणजे हिशेब होता, पण तो ‘काय घ्यावे’ याचा नसून ‘ठेवावे की विकावे’ याचा होता. +५ तलवारीची विक्रीची किंमत त्या तक्त्यात १५,००० होती, म्हणजे +१ च्या साडेसातपट. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढची सगळी कथा तो बदलण्याची आहे. मधल्या काळात, १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने विक्रीचा रकानाच काढून टाकला आणि जादूला बाजारभाव नसतो, अशी भूमिका घेतली.

खरे वळण आले २००० साली. विझार्ड्स ऑफ द कोस्टने १९९७ मध्ये मूळ प्रकाशनसंस्था विकत घेतल्यानंतर जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी तिसरी आवृत्ती रचली. तिच्यात जवळजवळ प्रत्येक जादुई वस्तूला बाजारभाव मिळाला, तो भाव काढण्याची सूत्रे छापली गेली आणि कोणत्या लेव्हलच्या पात्राकडे एकूण किती संपत्ती असावी याचा तक्ताही दिला गेला. दहाव्या लेव्हलला ४९,००० नाणी, विसाव्या लेव्हलला ७,६०,०००. माझ्या मते ‘किफायतशीर पात्ररचना’ ही विद्या या तक्त्यातून जन्मली. खेळाडूंच्या हव्यासाला तिचे पालकत्व देणे अन्यायाचे आहे, कारण ठरावीक अंदाजपत्रक आणि ठरावीक भाव एकत्र दिले की माणूस हिशेब करणारच.

त्या सूत्रांचा गाभा वर्ग हा होता. शस्त्राचा भाव म्हणजे अधिकच्या आकड्याचा वर्ग गुणिले २,०००, आणि चिलखताचा भाव म्हणजे त्याच वर्गाची १,००० पट. त्यामुळे +१ शस्त्र जुन्याच २,००० ला राहिले, पण +५ शस्त्र ५०,००० वर, म्हणजे पंचवीसपट किमतीला गेले. वीस बाजूंच्या फाशावर मात्र प्रत्येक अधिक एकाचे मोल सारखेच, पाच टक्के. पहिले पाच टक्के २,००० ला मिळतात आणि शेवटचे, म्हणजे +४ वरून +५ वर जाण्याचे, १८,००० ला.

दहाव्या लेव्हलचा योद्धा समोर ठेवून पाहू. आपली सगळी ४९,००० नाणी ओतूनही त्याला +५ तलवार परवडत नाही. त्याच रकमेत, मूळ पोलादाची किंमत वेगळी धरून, +२ तलवार ८,००० ला, +३ चिलखत ९,००० ला, +३ क्लोक ऑफ रेझिस्टन्स (मंत्रांसारख्या माऱ्यातून बचावायला मदत करणारा झगा) ९,००० ला, रक्षण करणारी +२ अंगठी आणि कातडी टणक करणारा +२ ताईत प्रत्येकी ८,००० ला आणि ताकद दोनने वाढवणारी वस्तू ४,००० ला येते. उरलेल्या ३,००० नाण्यांत जखमा भरणाऱ्या चार कांड्या बसतात. उंचीपेक्षा रुंदी स्वस्त पडते, हा धडा खेळाडूंनी स्वतःहून शोधलेला नाही, तो सूत्रातच लिहिलेला होता. शस्त्र, चिलखत, क्लोक, अंगठी, ताईत आणि क्षमता वाढवणारी वस्तू ही सहा पुढे ‘बिग सिक्स’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पात्र कोणाचेही असो, अंगावरच्या वस्तू तेवढ्या सारख्याच, अशी स्थिती आली.

त्या कांडीबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण या विद्येचे मर्म तिच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. क्युअर लाइट वूंड्सची कांडी ७५० नाण्यांना, तिच्यात पन्नास वेळा मंत्र टाकण्याची शक्ती, दर वेळी सरासरी साडेपाच हिट पॉइंट (पात्र किती जखमा सोसू शकते याचे माप) परत, एकूण २७५. त्याच मंत्राच्या पोशनची कुपी ५० नाण्यांना मिळते. ७५० नाण्यांत पंधरा कुप्या, म्हणजे जेमतेम ८२ हिट पॉइंट. कुपी कोणीही पिऊ शकतो आणि कांडीला तो मंत्र आपल्या यादीत असलेला क्लेरिकसारखा (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारा) साथीदार लागतो, एवढाच फरक. पण तो साथीदार बहुतेक गटांत असतोच. त्यामुळे लढाई संपल्यावर कांडी काढून सगळ्यांना ठणठणीत करायचे हा शिरस्ता पडला, आणि दिवसभर जखमा साठत जाण्याचा जुना ताण खेळातून बराचसा ओसरला. एका स्वस्त वस्तूने खेळाची लय बदलली, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण वाटते.

२००३ च्या सुधारित साडेतीन आवृत्तीने नकळत आणखी एक पळवाट रुंद केली. आधी कित्येक राक्षसांच्या कातडीला ठरावीक अधिक आकड्याचेच शस्त्र भेदू शकत असे. आता बहुतेक ठिकाणी नुसते जादुई शस्त्र, किंवा चांदी, कोल्ड आयर्न यांसारखा धातू पुरेसा झाला. उंच आकड्याची गरज घटली. शिवाय ग्रेटर मॅजिक वेपन हा मंत्र शस्त्राला तासन्‌तास अधिकचा आकडा देत असे, मंत्र टाकणाऱ्याच्या दर चार लेव्हलमागे एक, कमाल पाच. मग जाणत्या खेळाडूंनी तलवारीत नुसता +१ ठेवून बाकीचे पैसे ज्वाला किंवा तत्सम गुणांवर लावायचे आणि आकड्याची जबाबदारी विझार्डवर सोपवायची, अशी पद्धत बसवली. तिसऱ्या पातळीचा खर्च झालेला मंत्र रोज एकदा परत मिळवून देणारा पर्ल ऑफ पॉवर ९,००० ला मिळतो, तर +५ तलवार ५०,००० ला; मग पद्धत का बसली हे वेगळे सांगायला नको.

वस्तू स्वतः घडवणे हा तर निम्म्या भावाचाच सौदा. बाजारभावाच्या अर्धे सोने आणि पंचविसाव्या हिश्शाइतके अनुभवगुण द्यायचे, म्हणजे +१ च्या जादूसाठी १,००० नाणी आणि ८० अनुभवगुण. साडेतीन आवृत्तीत मागे पडलेल्या पात्राला त्याच लढाईतून थोडे जास्त अनुभवगुण मिळत असल्यामुळे हा तोटाही पुढे भरून निघे. साडेतीन आवृत्तीच्याच नियमांवर बेतलेल्या २००९ च्या पाथफाइंडर या खेळाने अनुभवगुणांची अट काढून टाकली, तेव्हा घडवणाऱ्याची संपत्ती व्यवहारात जवळपास दुप्पट झाली.

रचनाकार हे सगळे पाहत होतेच. २००७ च्या मॅजिक आयटम कंपेंडियम या जादुई वस्तूंच्या पुस्तकाने अनेक दुर्लक्षित वस्तूंचे भाव उतरवले आणि नेहमीच्या अधिक आकड्यांची भर जादा दंड न आकारता दुसऱ्या वस्तूत घालण्याची मुभा दिली, जेणेकरून बिग सिक्सच्या पलीकडचे काहीतरी अंगावर चढेल. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने वस्तूंनाच लेव्हल दिली. +१ ची सुरुवात ३६० पासून, +२ ची १,८०० पासून, +३ ची ९,००० पासून, दर पायरीला पाचपट, आणि विकताना फक्त पाचवा हिस्सा हातात. पुढच्याच वर्षी तिथे वस्तूंशिवायही पात्राला अधिकचा आकडा देण्याचा पर्यायी नियम आला.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने गणितच वेगळे मांडले. पात्राच्या वाढीत जादुई वस्तू गृहीत धरणे तिने थांबवले, वस्तूंना दुर्मीळतेच्या श्रेणी दिल्या, किमती सैल पट्ट्यांत ठेवल्या आणि अट्यूनमेंट, म्हणजे पात्राची वस्तूशी जुळणी, लागणाऱ्या वस्तू एका वेळी तीनच, अशी मर्यादा घातली. टंचाई सोन्याची राहिली नाही, त्या तीन जागांची झाली. २०२४ च्या सुधारित पुस्तकाने श्रेणीनुसार ठोक भाव छापले : कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजेंडरी २,००,०००. मात्र एका श्रेणीतल्या सगळ्या वस्तूंचा उपयोग सारखा नसतो. +१ शस्त्र अनकॉमन आहे आणि उडता झाडूही अनकॉमन आहे. एक फाशात पाच टक्के भर घालतो, दुसरा पात्राला दरी, तटबंदी आणि जमिनीवरच्या अर्ध्याअधिक शत्रूंच्या आवाक्याबाहेर नेतो. पूर्वी भाव वेगळे आणि लाभ समान होता, आता भाव समान आणि लाभ वेगळा आहे, आणि अनुभवी खेळाडू त्या ४०० नाण्यांत झाडूच मागतात.