गोव्यातील आरोग्य विमा : सरकारी कार्ड आणि विकत घेतलेला करार

गोव्यातील घरांत आरोग्य विम्याचा विषय निघाला की दीनदयाळ कार्ड, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) आणि विमा कंपनीची पॉलिसी ही तिन्ही नावे एका दमात घेतली जातात. पहिली ही राज्य सरकारने रहिवाशाला दिलेली सोय आहे, दुसरा कामगाराला कायद्याने मिळालेला हक्क आहे आणि तिसरी मात्र हप्ता भरून केलेला करार आहे. हा फरक बहुधा रुग्ण दाखल झाल्यानंतर, इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीवर उमगतो आणि तेव्हा तो समजून घ्यायला वेळही नसतो. तिन्ही व्यवस्था वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून उभ्या राहिल्या. पॉलिसीतल्या ज्या अटी आज जाचक वाटतात त्यांची आणि विमाधारकाच्या हाती आलेल्या अधिकारांची मुळेही त्याच इतिहासात आहेत.

गोव्यात रुग्णसेवेचा पाया विम्यावर कधीच नव्हता. पोर्तुगीज राजवटीत गरिबांची शुश्रूषा सांता काझा द मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेकडे होती. 1842 मध्ये पणजीत वैद्यकीय शिक्षणाची संस्था स्थापन झाली आणि मुक्तीनंतर तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) झाले. बांबोळीचे गोमेकॉ, म्हापशाचे आझिलो आणि मडगावचे हॉस्पिसियो या इस्पितळांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट किंवा नाममात्र दरात उपचार केले. त्यामुळे आजारपणासाठी आधीच पैसे बाजूला काढून ठेवण्याची सवय इथल्या मध्यमवर्गाला उशिरा लागली, आणि यात त्याला दोष देता येणार नाही. सीमेपलीकडच्या दोडामार्ग, सावंतवाडीच्या रुग्णांनाही बांबोळी आपलीच वाटत असे. 2018 च्या आरंभी गोमेकॉने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या भागात उमटलेली तीव्र प्रतिक्रिया याच आपलेपणातून आली होती.

राज्याची स्वतःची विमा योजना, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, 2016 मध्ये आली. किमान पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, ती खुली झाली. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण त्यात ठरवले गेले. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी वैद्यकीय सवलत असल्याने त्यांना तीत घेतले नाही. उत्पन्न न पाहता जवळजवळ सर्व रहिवाशांना सामावून घेणारी ही रचना तेव्हा देशात दुर्मीळ होती आणि तिचे महत्त्व मान्य करायलाच हवे. मात्र कार्डावर उपचार मिळतात ते ठरवून दिलेल्या प्रक्रियांच्या यादीतले, ठरलेल्या दराने आणि योजनेत सामील असलेल्या इस्पितळांत. खाजगी इस्पितळात स्वतःच्या पसंतीचा डॉक्टर आणि स्वतंत्र खोली मिळावी, ही कार्डाकडून केलेली अपेक्षा त्याच्या रचनेतच बसत नाही. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये सुरू झाली आणि 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे आणि त्याहून अधिक वयाच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असले तरी, पाच लाखांचे संरक्षण तिने देऊ केले. घरात त्या वयाचे आईवडील असतील तर त्यांचे वेगळे कार्ड काढून ठेवावे.

ईएसआयची कहाणी याहून जुनी आहे. 1948 च्या कायद्याने आलेली ही योजना 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत प्रत्यक्षात उतरली. आज महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगाराचा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के वाटा तिच्यात जमा होतो. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतील हजारो कुटुंबांचा आधार हीच योजना आहे. पगारवाढ होऊन वेतन मर्यादेपलीकडे गेले की पुढे हे छत्र उरत नाही, आणि पुष्कळ घरांत पॉलिसीचा शोध सुरू होतो तो याच टप्प्यावर.

ज्याला आपण पॉलिसी म्हणतो ती 1986 मध्ये ‘मेडिक्लेम’ या नावाने आली. 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या होत्या. त्या चौघींनी मिळून हे उत्पादन बाजारात आणले. आधी बिल स्वतः भरायचे, मग कागदपत्रे पाठवून परतफेडीची वाट पाहायची, अशी तिची पद्धत होती आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजाराला तीत स्थानच नव्हते. निरोगी असताना घेतलेल्या पॉलिसींचे हप्ते आजारी पडणाऱ्यांच्या कामी येतात. दुखणे उद्भवल्यावरच लोक विमा घेऊ लागले तर हा निधी टिकणार नाही, हे त्यामागचे कारण होते आणि ते खोटे नाही. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेला माणूस त्यामुळे कायमचा बाहेर राहिला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले. अशा राज्यात या एका अटीचे वजन किती, हे वेगळे सांगायला नको.

1999 चा विमा नियामक कायदा, त्यापाठोपाठ खाजगी कंपन्यांचा प्रवेश आणि 2001 मधील टीपीएविषयक नियम यांनी चित्र बदलले. टीपीए, म्हणजे कंपनी आणि इस्पितळ यांच्यामध्ये क्लेमचे काम पाहणारी संस्था, आल्यामुळे कॅशलेसची, म्हणजे कंपनीने थेट इस्पितळाला बिल भरण्याची, सोय पसरली. पुढे जुन्या आजारांवरचा कायमचा नकार मागे पडला आणि त्याची जागा प्रतीक्षाकाळाने, म्हणजे तो संपल्यावरच जुन्या आजाराचा खर्च मिळेल अशा वेटिंग पिरियडने, घेतली. हा काळ बरीच वर्षे जास्तीत जास्त चार वर्षांचा होता. 1 एप्रिल 2024 पासून तो तीन वर्षांवर आला. याच सुधारणेत आणखी एक बदल झाला, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अन्य कोणत्याही कारणाने, माहिती दडवली असे सांगून, कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

त्या पाच वर्षांत मात्र सगळा भार प्रस्ताव अर्जावर असतो. अर्ज बहुतेकदा एजंट भरतो आणि आपण शेवटच्या पानावर सही करतो. सुरू असलेली गोळी, दहा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया, थायरॉइडचा एखादा रिपोर्ट यांतले काही ‘हप्ता वाढेल’ म्हणून वगळले गेले, तर त्याचा हिशेब क्लेमच्या वेळी होतो. विम्याचा करार पूर्ण सद्‌भावनेवर उभा असतो, म्हणजे विचारलेली माहिती खरी आणि पूर्ण देण्याची जबाबदारी ग्राहकाची असते. म्हणून पॉलिसी हातात आली की तिच्यासोबतची अर्जाची प्रत ओळीने वाचावी. चूक सापडली तर लेखी दुरुस्ती मागावी, आणि पॉलिसीच पसंत नसेल तर 30 दिवसांत ती परत करता येते. सोबतचे ग्राहक माहिती पत्रक 1 जानेवारी 2024 पासून नव्या, सोप्या स्वरूपात द्यावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत देण्याचीही तरतूद आहे. मराठीत वाचणाऱ्या माणसाने ते मराठीत मागावे.

खोलीभाड्याची मर्यादा हे जुन्या पॉलिसींतून आजवर टिकलेले कलम सर्वांत जास्त फसवते. समजा, विमा रक्कम तीन लाख आहे आणि खोलीभाडे तिच्या एक टक्क्यापुरते, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये, मान्य आहे. रुग्णाने 6,000 रुपयांची खोली घेतली तर फक्त वरचे 3,000 भरावे लागतील, असा घरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क, शुश्रूषा असे खोलीच्या श्रेणीनुसार बदलणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. या खर्चाचे बिल 1,20,000 रुपये झाले असेल तर कंपनी 60,000 देते. औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचा खर्च यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही, हे विमा नियामकाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तरीही दाखल होण्यापूर्वीच मान्य श्रेणीची खोली मागणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

पॉलिसी बदलण्याचा अधिकार 2011 मध्ये आला. नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज केला तर पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ सोबत नेता येतो, मात्र जुन्या विमा रकमेपुरताच. नोकरीतल्या गट विम्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठीही त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची वाट आहे. जहाजावरच्या किंवा आखातातल्या करारावर घर चालणाऱ्या गोवेकर कुटुंबांनी तर याचा विचार करार संपण्याआधीच करायला हवा, कारण मालकाने दिलेले संरक्षण नोकरीसोबतच संपते. आणखी एक बदल खिशाला जाणवणारा आहे : 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी रद्द झाला.

लहान राज्यात कंपनीच्या जाळ्यातली, म्हणजे तिच्याशी कॅशलेसचा करार असलेली, इस्पितळे मोजकीच असतात, ही गोव्याची खास अडचण. जानेवारी 2024 मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने जाळ्याबाहेरच्या इस्पितळांतही कॅशलेस देण्याची घोषणा केली. त्यासाठी आधीच ठरलेल्या उपचारापूर्वी 48 तास, आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत, कंपनीला कळवावे लागते. विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाने कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याहून उशीर झाल्याने इस्पितळाने जादा आकारणी केली तर तो बोजा कंपनीने सोसायचा आहे. बिल तयार असूनही मंजुरीअभावी संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहिलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी हा नियम तिथेच, लेखी, दाखवून द्यावा.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ही व्यवस्था 1998 च्या नियमांनी सुरू झाली, 2017 मध्ये नव्याने बांधली गेली आणि आता 50 लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे सुटतात. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. गोव्यात लोकपालाचे स्वतंत्र कार्यालय नसले तरी तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि निवाडा मान्य नसल्यास ग्राहकाला उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.