हवाई नकाशातून नगरदर्शन : नागपूर

उपग्रहांनी व विमानांनी टिपलेली छायाचित्रे संगणकावर किंवा मोबाइलवर पाहून शहराची रचना, वस्त्या आणि त्यांत होत गेलेले बदल समजून घेण्याची ही पद्धत आहे. सर्वसामान्यांच्या हाती हे साधन २००५ साली आले. त्या वर्षी गूगल मॅप्समध्ये उपग्रहचित्रे दिसू लागली आणि गूगल अर्थही सुरू झाले. इस्रोचे ‘भुवन’ २००९ मध्ये आले.

नागपूर वरून पाहायचे तर सुरुवात अंबाझरीपासून करावी. रस्त्याने फिरणाऱ्याला हे शहर चौकांचे वाटते, पण वरून ते तलावांचे आणि नाल्यांचे आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, गांधीसागर हे तलाव लगेच सापडतात. नाग नदी शोधायला मात्र डोळा लागतो. पंचशील चौकातला पूल गाडीवरून ओलांडताना ती क्षणभरच दिसते. चित्रात अंबाझरीच्या सांडव्यापासून तिचा माग काढत पूर्वेकडे निघाले, की ती घरांच्या मागच्या भिंतींना खेटून वळणे घेत जाताना दिसते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडला आणि अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत पाणी शिरले. ते तिथेच का शिरले, हे चित्रात तलावाचा बांध आणि त्याखालची वस्ती शेजारी-शेजारी पाहिली की नकाशाचा जाणकार नसलेल्यालाही उमगते. नागपूरकराने हे साधन हाताळावे याचे सर्वांत सबळ कारण हेच.

वस्त्यांचा पोतही वरून वेगळा दिसतो. महाल-इतवारीत छपराला छप्पर लागलेले आणि मध्येच जुन्या वाड्यांच्या चौकांचे काळपट चौकोन. सिव्हिल लाइन्समध्ये झाडीत बुडालेले बंगले. त्यापलीकडे आखीव ले-आऊट. दीक्षाभूमीचा गोल घुमट दुरूनही ओळखू येतो. झीरो माइलचा, म्हणजे अंतरमोजणीचा आरंभबिंदू मानलेला, दगडी स्तंभ मात्र, मोजणीच्या इतिहासात एवढा मान असूनही, वरून जेमतेम एक ठिपका आहे. मोहननगरजवळ रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात ते डायमंड क्रॉसिंग पूर्ण झूम करून पाहावे. जमिनीवरून ते असे अखंड दिसत नाही. विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन टोकांना १४ आणि ३२ हे आकडे रंगवलेले आहेत. ते दिशेचे अंश दहाने भागून आलेले. शहर सोडून काटोलच्या बाजूला सरकले, की संत्र्याच्या बागा लागतात. साधारण सहा मीटरवर लावलेली झाडे चौकटीच्या वहीत टिंबे दिल्यासारखी दिसतात.

चित्र किती बारीक आहे यावर सगळे ठरते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका (पिक्सेल) ३० मीटरचा असतो, त्यात घर हरवते. २०१४ मध्ये सोडलेल्या वर्ल्डव्ह्यू-३ या उपग्रहाचा ठिपका ३१ सेंटिमीटरचा. त्यात गच्चीवरची पाण्याची टाकीही ओळखता येते.

गूगल अर्थमध्ये २००९ पासून जुनी चित्रेही पाहता येतात. वर्धा रोडने खापरीकडे जात वर्षे मागे-पुढे केली, की शेतांचे तुकडे पडून प्लॉट झालेले, मिहान या औद्योगिक प्रकल्पाचे रस्ते उमटलेले, मेट्रोची रेघ आलेली दिसते. इथे एक पथ्य पाळलेच पाहिजे: तुलना एकाच महिन्यातल्या चित्रांची करावी. मे महिन्यात गोरेवाड्याचे पानगळीचे जंगल तपकिरी असते आणि तलाव आटलेले असतात. ऑक्टोबरमध्ये दोन्ही भरलेले. मे आणि ऑक्टोबरची चित्रे शेजारी ठेवून ‘तलाव बुजवला’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दिशाभूल. जलपर्णी माजली तर भरलेला तलावही मैदानासारखा दिसतो. पावसाळ्यातली चित्रे ढगांमुळे फारशी मिळतच नाहीत, त्यामुळे पुराचे पाणी ज्या दिवशी घरात असते त्या दिवसाचे चित्र बहुधा हाती लागत नाही.

उंचीच्या बाबतीतही वरचे चित्र फसवते. इमारत किती मजली आहे, हे तिच्या सावलीवरून ताडावे लागते. वर्धा रोडवरच्या डबल डेकर पुलावर सर्वांत वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल आणि जमिनीवर महामार्ग अशी तीन पातळ्यांची वाहतूक चालते. सरळ वरून खाली पाहताना मात्र या पातळ्या एकमेकींवर येतात आणि कोणती किती उंच हे कळत नाही.