अध्ययन-अक्षमता मूल्यमापन (प्राथमिक शाळा, नाशिक) : विद्यार्थी-संशोधन

बुद्धी, दृष्टी व श्रवण पुरेसे असून, नियमित शिकवूनही वाचन, लेखन किंवा गणनात मूल सातत्याने मागे पडत असल्यास त्या अवस्थेस विशिष्ट अध्ययन-अक्षमता म्हणतात. लहान मुलांमधील तिची पडताळणी हा वैद्यक, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या लघुप्रकल्पांचा विषय आहे.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. आडोल्फ कुसमाउल याने १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ वर्णिले. मात्र ते मेंदूच्या इजेनंतर वाचन गमावलेल्या प्रौढांविषयी होते. ‘डिस्लेक्सिया’ (वाचन-अक्षमता) ही संज्ञा नेत्रवैद्य रूडोल्फ बर्लिन याची. साल बहुधा १८८७ दिले जाते, काही जण ते थोडे आधीचे मानतात. ओस्वाल्ड बेर्कान याच्या १८८१ च्या निरीक्षणांना अग्रमान देणाराही पक्ष आहे. शालेय मुलांपुरते पाहता प्रिंगल मॉर्गन याचा १८९६ मधील चौदा वर्षांच्या मुलाचा वृत्तांत अधिक ग्राह्य वाटतो. मुलगा हुशार, गणितात तरबेज. वाचन मात्र जमत नसे. ‘अध्ययन-अक्षमता’ ही आजची व्यापक संज्ञा सॅम्युएल कर्क याच्या १९६३ च्या शिकागो येथील भाषणानंतर रूढ झाली.

भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तो झाला. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या चाचणीसंचाचे ५–७ व ८–१२ वयोगटांसाठी दोन स्तर आहेत. बुद्धिमापनासाठी नागपूरच्या मालिन यांची श्रेणी किंवा कामत यांचे बिने बुद्धिचाचणीचे मराठी-कन्नड रूपांतर वापरतात. ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाळणी चाचणी (संभाव्य अडचण असलेली मुले हेरणारी) पहिली ते पाचवीसाठी असून ती मराठीतही आहे.

मराठीत अक्षर व उच्चार बरेच जुळतात. त्यामुळे चुकांइतकाच वाचनाचा मंद वेगही पाहावा लागतो. ‘घर’चे ‘धर’ होणे, ‘अर्थ’मधला रफार गळणे, जोडाक्षरापाशी अडखळणे या खुणा तिसरीतही टिकल्यास लक्ष द्यावे.

नाशिक जिल्ह्यात खरी कसोटी भाषेची आहे. सटाणा-कळवणकडील मूल ‘मला’ऐवजी ‘माले’ लिहिते, ते अहिराणीमुळे. तो दोष नव्हे. सुरगाणा-पेठच्या कोकणा मुलांनाही प्रमाण मराठी शाळेतच भेटते, आणि आईवडील द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेले की त्यांची हजेरी तुटते. अशा मुलावर घाईने शिक्का बसणे हा मोठा अन्याय आहे. म्हणून घरची भाषा व हजेरी यांची नोंद गुणांइतकीच आवश्यक.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पदवीपूर्व वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची संशोधनवृत्ती दोन महिन्यांची असते. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेच्या निकषांत मात्र मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकावी लागते. म्हणून अशा प्रकल्पातून चाळणी होऊ शकते, निदान नव्हे. पालकांची लेखी संमती घ्यावी आणि निष्कर्ष वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचवावेत. मालेगावच्या उर्दू शाळांत मात्र वेगळी काळजी घ्यावी : तेथे लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि ‘डाली’च्या मूळ चार भाषांत उर्दू नव्हती.