पगारपत्रकातले दोनशे रुपये

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेक कुणाचंही पगारपत्रक काढून बघा. भविष्य निर्वाह निधी आणि प्राप्तिकराच्या आसपास एक बारीकशी ओळ दिसेल: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत तेच ३०० होतात. रक्कम इतकी किरकोळ की हा पैसा जातो कुठे, असं सहसा कुणी विचारत नाही. १९७५ साली हा कर बसवला गेला तो एका ठरावीक कामासाठी. खेड्यात हाताला काम मागणाऱ्या माणसाच्या मजुरीचा भार शहरातल्या पगारदाराने उचलावा, हा त्यामागचा हिशेब होता. रोजगार हमी योजनेची गोष्ट बहुतेक जण बहात्तरच्या दुष्काळापासून सांगतात आणि त्यात चूक काही नाही. पण ‘हमी’ या शब्दाला वजन आलं ते या करामुळे. पैशाची सोय नसती तर तो शब्द सरकारी ठरावातच पडून राहिला असता.

दुष्काळात सरकारने कामं काढायची, ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची. १८७६ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात रस्ते, तलाव, कालव्यांची कामं निघाली. माणदेशातला म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव त्या दुष्काळाच्या मागोमाग झाला. पण कामं काढणाऱ्या सरकारचा पहिला प्रश्न असे, खर्च आवरायचा कसा. कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतक्यावर आणली. तेव्हा, १८७७ च्या सुरुवातीला, या इलाख्यातल्या हजारो मजुरांनी काम सोडलं. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जावर अर्ज केले. आपल्याकडच्या कामगार चळवळीचा इतिहास गिरण्यांपासून सुरू करण्याची सवय आहे. माझ्या मते या खडी फोडणाऱ्यांचं नाव त्याच्या आधी यायला हवं.

पुढे १८८० चा दुष्काळ आयोग झाला आणि दुष्काळ संहिता आल्या. त्यांनी एक चौकट घालून दिली. दुष्काळ आहे की नाही ते सरकार ठरवणार. काम कष्टाचं आणि मजुरी जेमतेम जगण्यापुरती ठेवायची, म्हणजे ज्याला खरोखर गत्यंतर नाही तोच येईल. काम ही गरजेची कसोटी होती. स्वातंत्र्यानंतरही आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, लागायची, टंचाई जाहीर व्हायची आणि मग कामं निघायची. पाऊस बरा झाला की कामं बंद. पण कोरडवाहू मुलखातल्या भूमिहीनाला चांगल्या पावसाच्या वर्षीही सुगी संपली की चार-पाच महिने काम नसतं, हे या चौकटीत कुठे बसतच नव्हतं.

ते बसवलं वि. स. पागे यांनी. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या खुर्चीतून योजना जन्माला येण्याचं हे दुर्मीळच उदाहरण. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने प्रयोग झाला. गावातच काम काढायचं, जो मागेल त्याला द्यायचं आणि त्यातून जमीन-पाण्याची कामं उभी करायची. ‘मागेल त्याला काम’ हे वाक्य आज घोषणेसारखं ऐकू येतं. पण त्यातला ‘मागेल’ हा शब्द नवा होता. कामाची गरज आहे हे आता तहसीलदाराने आणेवारी पाहून ठरवायचं नव्हतं, मजुराने मागून ठरवायचं होतं.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने १९७२ साली पंधरा कलमी कार्यक्रमात ही योजना घेतली आणि त्याच वर्षी पाऊस पुरता फिरला. त्याआधीची दोन वर्षंही बऱ्याच भागांत कोरडीच गेली होती. नवी योजना बाजूला पडली आणि जुनी दुष्काळी कामं अफाट प्रमाणात सुरू झाली. मे १९७३ मध्ये राज्यभरच्या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी, म्हणजे दहातला एक माणूस. जमीनदाराची सून आणि भूमिहीनाची बायको एकाच खडीच्या ढिगाशी बसल्याच्या आठवणी अजून घराघरांत सांगतात. कामावर सुखडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळे, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्या मिलोच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली ते आजही ज्वारी पाखडताना तिचं नाव काढतात, कौतुकाने नव्हे.

दुष्काळ सरल्यावर खरा पेच उभा राहिला. एवढी माणसं वर्षानुवर्षं कामावर घ्यायची तर पैसा कुठून आणायचा? व्यवसाय कर तिथे आला. नोकरदार आणि धंदेवाल्यांवर हा कर, शिवाय विक्रीकर, मोटार वाहन कर यांच्यावर अधिभार आणि बागायत जमिनीवर आकारणी. जेवढं यातून जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची आणि सगळा पैसा रोजगार हमी निधीत ठेवायचा. मुंबईच्या कारकुनाने आणि पुण्याच्या डॉक्टरने दुष्काळी आटपाडीच्या मजुराची मजुरी भरायची, असा हा सौदा. तो मान्य कसा झाला? काहींना न्याय दिसला. काहींना मुंबईकडे येणारे लोंढे थोपवायचे होते. आणि ग्रामीण पुढाऱ्यांना हेही दिसत होतं की पाणी जमिनीत मुरवणारे पाझर तलाव मजूर खोदतील, पण पाणी वाढेल ते ज्याची विहीर आहे त्याचं. बागायतदारांचा विरोध फारसा तीव्र झाला नाही, त्याचं कारण इथे सापडतं. मजुरीचे दर वाढतात म्हणून कुरकुर मात्र होतीच.

कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. राज्यघटनेत कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत, अनुच्छेद ४१ मध्ये आहे. तिथे तो सरकारला आठवण म्हणून आहे, कोर्टात मागता येईल असा नाही. महाराष्ट्राने ग्रामीण भागातल्या अंगमेहनतीच्या कामापुरता तो कायद्यात आणला. प्रौढ माणसाने काम मागितलं की पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. खर्चात ६० टक्के मजुरी, साहित्य ४० टक्क्यांच्या आत. दर कामाच्या मापावर ठरायचे, पण सात तास राबलेल्या सर्वसाधारण माणसाला किमान वेतन पडेल अशा बेताने.

या शेवटच्या कलमात सगळी गोम आहे. माती किती उपसली, मुरूम लागला की खडक, हे मोजमाप पुस्तिकेत कोण लिहिणार? शाखा अभियंता. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावं कोण घालणार? मुकादम. खडकाचं माप मुरमात धरलं की मजुरी निम्मी होते, आणि कधीही कामावर न आलेल्यांची नावं घातली की उरलेली निम्मी भलत्याच खिशात जाते. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण लोकांनी उगाच केली नाही. तरीही १९७९-८० या एका वर्षात योजनेवर सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम झालं. ते सगळं कागदावरचं नव्हतं. कोरडवाहू तालुक्यांतले कित्येक रस्ते, नालाबांध, पाझर तलाव त्या काळातले आहेत. कामावर बायकांचं प्रमाण मोठं राहिलं, कित्येक ठिकाणी पुरुषांहून जास्त. पुरुष बाहेरगावी कामाला गेलेले, मागे राहिलेल्या बाईला गावाजवळ मिळणारं आणि पुरुषाइतकीच मजुरी देणारं दुसरं काम नव्हतं. शेतावर तिला तेव्हा पुरुषाहून बरीच कमी मिळायची.

१९८८ मध्ये किमान वेतन वाढलं आणि हमीची मजुरी दिवसाला सुमारे ६ रुपयांवरून १२ वर गेली. मजूर वाढायला हवे होते. झालं उलटं, कामं कमी निघू लागली. खर्च दुप्पट होतोय म्हटल्यावर प्रशासनाने हात आखडता घेतला. नवं काम मंजूर करायचं नाही, असलेलं लांबवायचं, किमान ५० मजूर हवेत या अटीवर बोट ठेवायचं. हमी कायद्यात होती तशीच राहिली, फक्त कामच नाही तर मागणार काय? माझ्या मते योजनेच्या पन्नास वर्षांतलं हे सगळ्यात कमी बोललं गेलेलं वळण आहे.

दुसरं वळण १९९० चं, फळबागांचं. हमीच्या पैशातून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर कलमं लावायची आणि खड्डे खणण्यापासून निगराणीपर्यंतची मजुरी योजनेतून द्यायची. कोकणात हापूस आणि काजू, सोलापूर-नगरच्या माळांवर बोर आणि डाळिंब वाढले ते याच्या जोरावर. विहिरीही होत्या. योजनेचा लाभ भूमिहीनाकडून जमीनवाल्याकडे सरकला, असा आक्षेप तेव्हापासून आहे आणि तो खोटा नाही. पण ज्याच्या तीन एकर माळात डाळिंब उभं राहिलं तो पुन्हा खडी फोडायला गेला नाही, हेही तितकंच खरं.

जे हमीला कधीच जमलं नाही ते म्हणजे ऊसतोड थांबवणं. बीड, नगरचा पूर्व भाग, जालना, परभणी इथून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत सांगली-कोल्हापूर, बेळगावकडे उसाच्या फडात राहतात. गावात काम मिळालं तर हे लोक का जातील, असा प्रश्न मुंबईत बसून विचारला जातो. उत्तर ‘उचल’ या शब्दात आहे. ऊसतोडीचा मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, पावसाळ्यातच एकरकमी पैसे देतो. त्यातून लग्न होतं, दवाखाना होतो, मागची देणी फिटतात. हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, मग कधीतरी येते. पोट भरायला ती पुरेल. हातात लाखभर रुपये एकदम ती कधीच ठेवत नाही.

मनुष्यबळाच्या आकड्यांतही हा पेच दिसतो. केंद्राच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६. सहा वर्षांत जवळपास दुप्पट. मात्र ही वाढ बहुतांशी स्वयंरोजगारातली आहे आणि त्यात घरच्या शेतात, घरच्या धंद्यात विनामोबदला राबणाऱ्या बायकाही मोजल्या जातात. बायकांच्या या कामाला पाहणीत जागा मिळाली हे बरंच झालं, पण मजुरी मिळाली असा त्याचा अर्थ नाही.

दिल्लीने महाराष्ट्राचा धडा गिरवला तो २००५ साली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २ फेब्रुवारी २००६ ला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यात सुरू झाला. पहिल्या टप्प्यातल्या २०० जिल्ह्यांत महाराष्ट्राचे १२ होते, १ एप्रिल २००८ पासून तो देशभर लागू झाला आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. महाराष्ट्राने २००६ मध्ये आपला कायदा बदलून त्याच्याशी जुळवून घेतला. केंद्राची हमी तेव्हा कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची, त्यापुढचा भार राज्याचा. योजनेची जननी म्हणवणारं राज्य नव्या योजनेच्या पहिल्या वर्षांत मात्र मागे पडलं. राजस्थान आणि आंध्र पुढे गेले. त्या राज्यांत सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावाने उघड्यावर हिशेब वाचण्याची, सवय रुजत होती. आपल्याकडे तीस वर्षांची जुनी घडी होती, तिच्या सगळ्या गाठींसकट.

पैसा दिल्लीहून येऊ लागला तसा संशयही दिल्लीहून येऊ लागला. १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो बंधनकारक झाले, २०२४ च्या सुरुवातीपासून आधारशी जोडलेल्या खात्यातूनच मजुरी. हमीच्या कामावरच्या मुकादमाची चोरी थांबवायला केलेली ही व्यवस्था. डोंगरातल्या पाड्यावर रेंज नसली की मात्र त्या दिवसाची हजेरी जाते मजुराची. टेंपल साहेबाला मजुरावर विश्वास नव्हता तो धान्याच्या मापातून दिसे, आताचा फोनमधून दिसतो. नमुना ४ भरून काम मागितल्याची पोच मिळालेला मजूर आजही ग्रामपंचायतीत सहज सापडत नाही, कारण पोच दिली की पंधरा दिवसांचं घड्याळ सुरू होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा आणला: विकसित भारत, रोजगार आणि आजीविका हमी अभियान. दिवस १०० चे १२५ झाले. पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची सोय झाली. शेतीला माणूस मिळत नाही ही बागायतदारांची सत्तरच्या दशकातली कुरकुर आता कायद्याच्या भाषेत आली आहे. तिसरी गोष्ट पैशाची. आधी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्र करत होतं. आता महाराष्ट्रासारख्या राज्यांना एकूण खर्चातले ४० टक्के स्वतः घालावे लागतील.

म्हणजे प्रश्न पुन्हा व्यवसाय करापाशी येतो. या कराला घटनेच्या अनुच्छेद २७६ ने कमाल मर्यादा घातलेली आहे. आधी ती माणशी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २५०० झाली आणि तेव्हापासून जागची हललेली नाही. अकरा महिने २००, फेब्रुवारीत ३००, हा आकडा तिथून येतो. १९८८ मध्ये १२ रुपये मजुरी धरली तर एका माणसाकडून जास्तीत जास्त घेता येणाऱ्या वर्षभराच्या करातून २०८ दिवसांची मजुरी निघत होती. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला दर होता दिवसाला ३१२ रुपये. त्या दराने त्याच करातून आठ दिवसांची निघते.