न्यायालयाला मनाविषयी काय विचारायचं असतं?

घटनास्थळावर नजर फिरवून गुन्हेगाराचं बालपण सांगणारे मानसशास्त्रज्ञ मालिकांत भेटतात. न्यायसहायक मानसशास्त्रातलं, म्हणजे फॉरेन्सिक सायकॉलॉजीतलं खरं काम मात्र तुरुंगात, मनोरुग्णालयात आणि बरंचसं अहवाल लिहिण्यात जातं.

न्यायालयाचे प्रश्न नेमके असतात. आरोपीला खटला कळतो का, वकिलाला तो मदत करू शकतो का? हा आजच्या क्षमतेचा प्रश्न. गुन्हा करताना आपण काय करतोय याची जाण त्याला होती का? हा मागे जाऊन शोधायचा. भ्रमात खून केलेल्या मॅकनॉटन नावाच्या आरोपीच्या खटल्यानंतर 1843 साली इंग्लंडमध्ये त्याचे निकष ठरले. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. तेव्हा भ्रमात असलेला माणूस औषधोपचारानंतर आज खटल्याला सामोरा जाऊ शकतो. निवाडा न्यायालयाचाच, मानसशास्त्रज्ञ फक्त मत देतो.

प्रशिक्षणाचा पाया सहसा क्लिनिकल मानसशास्त्राचा, कारण आधी आजार ओळखता यायला हवा. पण तिथल्या काही सवयी इथे सोडाव्या लागतात. समोरचा सोंग घेतोय का, हेही तपासायचं असतं. एका प्रचलित स्मृतिचाचणीत 50 चित्रं दाखवतात आणि मग दर वेळी दोन चित्रांतून आधी पाहिलेलं ओळखायला सांगतात. काहीच न आठवणारा माणूस नुसत्या अंदाजानेही साधारण 25 बरोबर सांगेल. एखाद्याची 10च बरोबर आली, तर? खरं उत्तर ठाऊक असल्याशिवाय ते इतक्या वेळा टाळता येत नाही! या शास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती, असं माझं मत. गोपनीयतेचा नियमही बदलतो: अहवाल न्यायालयात जाणार, हे मुलाखतीआधीच सांगावं लागतं.

वाट लांब आहे. अमेरिकेत डॉक्टरेट, देखरेखीखालचा सराव, मग राज्याचा परवाना. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेणं बेकायदा आहे.

रुग्ण तपासण्यात रस नसेल, तर संशोधनाकडे वळता येतं. तिथे क्लिनिकल परवाना लागत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली लोकांना अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या. गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता, असं विचारल्यावर सरासरी उत्तर आलं ताशी 34 मैल. ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद वापरल्यावर तेच जवळपास 41 झालं. साक्षीदाराला प्रश्न कसे विचारू नयेत, हे पोलिसांना शिकवायला असे संशोधक लागतात. आरोपीला भेटायची त्यांना गरजही पडत नाही.